गाडी तीन तास लेट: तिकिटाचे पैसे कधी मिळतात, भरपाई कुठे मागायची

लोकमान्य टिळक टर्मिनसच्या फलाटावर रात्री अकरा वाजता तुम्ही सामानावर बसलेले आहात. बोर्डावर गाडीपुढे '३ तास २५ मिनिटे विलंब' असं झळकतंय. शेजारचा म्हणतो, "तीन तास झाले की पूर्ण पैसे परत." दुसरा म्हणतो, "काही नाही मिळत हो, रेल्वे आहे." दोघेही अर्धेअर्धे बरोबर आहेत, आणि त्या अर्धवट माहितीपायीच माणसांचे पैसे बुडतात.

रेल्वेकडून पैसे मिळवायचे दोन रस्ते आहेत. पहिला परताव्याचा. गाडी लेट झाली, तुम्ही चढलाच नाहीत, तर तिकिटाचे पैसे परत. हे घड्याळाचं काम, ई-तिकीट असेल तर अर्ज दहा मिनिटांत मोबाइलवरून होतो. दुसरा नुकसानभरपाईचा. तुम्ही प्रवास केला, पण उशिरामुळे विमान हुकलं, हॉटेलचे पैसे गेले, टॅक्सी करावी लागली. हे पुराव्याचं काम, ग्राहक आयोगात चालतं आणि वेळ खातं. गाडीत बसलात की तिकिटाचा परतावा विसरा. गाडीत न बसता मनस्तापाची भरपाई मागायला गेलात, तर आयोग आधी विचारणार की परतावा का नाही घेतला. त्यामुळे फलाटावरच ठरवा: जायचं की नाही?

आधी जे नाहीच, ते

लेट झालं म्हणून आपोआप खात्यात पैसे, अशी सोय आज भारतीय रेल्वेत नाही. राजधानीला नाही, वंदे भारतला नाही, कुणालाच नाही. याबद्दलचा गोंधळ तेजसमुळे झाला. आयआरसीटीसी स्वतः चालवत असलेल्या दोन तेजस गाड्यांना, म्हणजे लखनौ-दिल्ली आणि आपली मुंबई सेंट्रल-अहमदाबाद, एक तासापेक्षा जास्त उशिराला १०० रुपये आणि दोन तासांपेक्षा जास्त उशिराला २५० रुपये मिळत. ती योजना १५ फेब्रुवारी २०२४ पासून बंद झाली. तिच्याबद्दलचे जुने मेसेज अजून फिरतात. सीएसएमटी-मडगाव तेजस तर रेल्वेचीच गाडी, तिला ही योजना कधी लागूच नव्हती. नाव तेवढं सारखं.

तिकीट काढताना ४५ पैशांचा जो विमा टिक करतो, तो अपघाताचा आहे. उशिराशी त्याचा संबंध नाही.

आणि लोकल. लोकल अर्धा तास थांबली, ऑफिसात लेट मार्क लागला, तरी पासाचे किंवा तिकिटाचे पैसे उशिरापोटी परत मिळत नाहीत. पुढचं सगळं आरक्षित लांब पल्ल्याच्या गाड्यांबद्दल आहे.

तीन तासांचा नियम, नीट

२०१५ च्या परतावा नियमांनुसार, प्रवासी ज्या स्टेशनवरून चढणार तिथे गाडी ३ तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि तो प्रवास करणार नसेल, तर कन्फर्म, आरएसी, वेटिंग असं कुठलंही तिकीट असो, रद्दीकरण शुल्क न कापता पूर्ण भाडं परत मिळतं. अट एकच, पण कडक. तुमच्या स्टेशनवरून गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी तुम्ही ई-तिकिटाचा टीडीआर, म्हणजे परताव्याचा ऑनलाइन अर्ज, भरलेला असावा किंवा खिडकीचं तिकीट परत केलेलं असावं. गाडी सुटून गेल्यावर मग सगळं व्यर्थ.

या नियमात चार ठिकाणी माणसं अडकतात.

पहिली गोष्ट, उशीर तुमच्या स्टेशनवरचा मोजतात, पोहोचण्याच्या स्टेशनवरचा नाही. कल्याणहून गाडी वेळेवर सुटली आणि भुसावळपर्यंत पाच तास लेट झाली, तर तुम्ही आत बसलेले आहात. परतावा नाही.

दुसरी गोष्ट बोर्डिंग पॉइंटची, आणि इथे तत्काळवाले मार खातात. समजा तिकीट सीएसएमटी ते रत्नागिरी आहे आणि चढणार पनवेलला. साध्या तिकिटाला पनवेलचा उशीर धरतात. तत्काळ तिकिटाला मात्र तिकिटावर प्रवास जिथून सुरू होतो त्या स्टेशनचा, म्हणजे सीएसएमटीचा उशीर धरतात. गाडी सीएसएमटीहून दोन तास लेट सुटली आणि वाटेत रखडत पनवेलला साडेतीन तास लेट आली, तर साध्या तिकिटाला पैसे मिळतील, तत्काळला नाहीत. पनवेललाच चढायचं नक्की असेल तर तत्काळ तिकीट पनवेलहूनच काढलेलं बरं. कन्फर्म तत्काळचे पैसे एरवी परत मिळत नाहीत. गाडी तीन तासांवर लेट झाली तर मात्र भाडं आणि तत्काळ शुल्क दोन्ही मिळतं, हे पुष्कळांना माहीतच नसतं.

तिसरी गोष्ट कोकणातल्या गाड्यांची. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, दरडींच्या भीतीने वेग कमी ठेवतात आणि अनेक गाड्यांच्या वेळा सरकतात. उशीर त्या पावसाळी वेळेपासून मोजायचा, तुमच्या डोक्यातल्या नेहमीच्या वेळेपासून नव्हे. तिकिटावर छापलेली वेळसुद्धा एकदा एनटीईएसवर, म्हणजे रेल्वेच्या अधिकृत गाडी-स्थिती अ‍ॅपवर, पडताळा.

चौथी गोष्ट सगळ्यांत महाग पडणारी. 'अपेक्षित' उशीर आणि 'प्रत्यक्ष' उशीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा गाडीची वेळ रात्री ११.०५. साडेबाराला अ‍ॅप सांगतं, गाडी २.३० ला येणार, म्हणजे ३ तास २५ मिनिटं लेट. तुम्ही टीडीआर भरून घरी गेलात. रिकामा रेक यार्डातून लवकर आला आणि गाडी १.५५ ला सुटली. उशीर झाला २ तास ५० मिनिटं. रेल्वे टीडीआरची पडताळणी स्वतःच्या नोंदीवरून करते, स्क्रीनशॉटवरून नाही. टीडीआर नामंजूर. चार्ट, म्हणजे प्रवाशांची अंतिम यादी, लागून गेल्यामुळे साधं रद्दीकरणही करता येत नाही. भाडं गेलं.

म्हणून उशीर काठावरचा असेल, तीन ते चार तासांच्या मधला, तर घाई करू नका. वरच्या उदाहरणात घड्याळात २.०६ झाले आणि गाडी अजून तुमच्या स्टेशनवरून सुटलेली नाही, तर तीन तास उलटून गेले, आता ते कुणी मागे घेऊ शकत नाही. त्या क्षणापासून गाडी सुटेपर्यंतची मिनिटं ही टीडीआर भरायची खात्रीची वेळ. उशीर सहा-सात तासांचा जाहीर झाला असेल तर एवढं ताणायची गरज नाही. घरूनच भरा आणि झोपा.

ई-तिकीट: टीडीआर भरताना

१. आधी एनटीईएस उघडा. गाडी क्रमांक आणि तुमचं स्टेशन निवडून, नियोजित वेळ, अपेक्षित वेळ आणि तारीख एकाच चौकटीत दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. मध्यरात्र उलटली असेल तर तारीख गाडी निघण्याच्या दिवसाचीच आहे ना, ते बघा. दुसऱ्या दिवशीची तीच गाडी उघडून बसण्याची चूक झोपेत फार होते.

२. आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर, ज्या खात्यातून तिकीट काढलं त्याच खात्यात शिरा. 'माय ट्रान्झॅक्शन्स'मध्ये 'फाइल टीडीआर' असा पर्याय असतो. चार्ट लागण्याआधी तो सहसा दिसत नाही, दिसतो तो 'कॅन्सल'. गाडी लेट आहे म्हणून 'कॅन्सल' दाबू नका. ते तुमचं स्वतःहून केलेलं रद्दीकरण ठरतं आणि शुल्क कापलं जातं. चार्ट लागेपर्यंत थांबा.

३. पीएनआर निवडा, मग कारण निवडा. कारणांची यादी लांब आहे आणि दोन-तीन सारखी दिसतात. तुम्हाला हवं आहे ते 'ट्रेन लेट मोअर दॅन थ्री अवर्स अँड पॅसेंजर नॉट ट्रॅव्हल्ड'. नुसतं 'पॅसेंजर नॉट ट्रॅव्हल्ड' निवडलंत तर तुम्ही आपल्या मर्जीने गेला नाहीत असा अर्थ होतो आणि दावा फेटाळला जातो. कितीतरी नामंजूर टीडीआरच्या मुळाशी हीच एक ओळ असते.

४. न जाणाऱ्या प्रवाशांच्या नावांपुढे खूण करा आणि सबमिट करा. एकाच पीएनआरवर काहीजण जाणार आणि काहीजण नाही, अशी वेळ आली तर जाणाऱ्यांनी गाडीत टीसीकडून 'इतके प्रवासी आले नाहीत' असं लेखी प्रमाणपत्र घ्यावं. नाहीतर पुढे नोंदीत सगळेच गेलेले दिसण्याची शक्यता राहते.

५. पोचपावतीचा स्क्रीनशॉट घ्या. त्यावरची तारीख आणि वेळ हाच तुमचा पुरावा की गाडी सुटण्याआधी तुम्ही टीडीआर भरला.

एजंटाकडून किंवा दुसऱ्या एखाद्या बुकिंग अ‍ॅपवरून तिकीट काढलं असेल तर टीडीआरही तिथूनच भरावा लागतो, आणि पैसेही आधी तिकडेच जातात. रात्री दोन वाजता एजंट फोन उचलणार आहे का, हा प्रश्न तिकीट काढतानाच स्वतःला विचारलेला बरा.

टीडीआर भरला म्हणजे पैसे मंजूर झाले असं नाही. आयआरसीटीसी फक्त तो संबंधित विभागीय रेल्वेकडे पाठवते. निर्णय रेल्वे घेते, पैसे आले की आयआरसीटीसी ते मूळ खात्यात टाकते. दोन महिने लागू शकतात, कधी जास्तही. बुकिंगच्या वेळचं सुविधा शुल्क परत येत नाही, त्यामुळे रक्कम थोडी कमी दिसली तर दचकू नका. स्थिती 'टीडीआर हिस्टरी'त दिसते. अडकलं तर आयआरसीटीसीचा क्रमांक १४६४६.

खिडकीचं तिकीट

इथे मोबाइल उपयोगाचा नाही. खिडकीवर काढलेलं तिकीट ऑनलाइन रद्द करण्याची जी सोय आहे ती नेहमीच्या रद्दीकरणासाठी. लेट गाडीचा पूर्ण परतावा हवा तर मूळ कागद घेऊन, गाडी सुटण्याआधी, खिडकीवर गेलंच पाहिजे. खिडकीवर जाण्याआधी तिकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कारण तिकीट एकदा आत गेलं की गेलं.

आरक्षण खिडकी बंद असेल तर 'बंद आहे' म्हणून परत फिरू नका. चालू खिडकी किंवा स्टेशन व्यवस्थापकाचं ऑफिस गाठा. तिथे तिकीट जमा करून घेतात आणि तिकीट जमा पावती देतात. इंग्रजी आद्याक्षरांनी हीसुद्धा टीडीआरच, फक्त कागदाची. ती पावती आणि अर्ज प्रवासाच्या तारखेपासून १० दिवसांत मुख्य वाणिज्य व्यवस्थापक (परतावा) यांच्याकडे पाठवायचा. मध्य रेल्वेचं मुख्यालय सीएसएमटीला, पश्चिम रेल्वेचं चर्चगेटला. पावती ज्या रेल्वेच्या स्टेशनने दिली त्या रेल्वेकडे अर्ज. दादरला दोन्ही रेल्वे शेजारी-शेजारी असल्यामुळे हा घोटाळा होतो, पावतीवरचा शिक्का बघा.

पुढची गाडी हुकली तर

सावंतवाडीहून दादरला यायचं आणि दादरहून नागपूरची गाडी पकडायची, असे दोन पीएनआर असतील तर ते आधी जोडून ठेवा. १ एप्रिल २०१९ पासून ही सोय आहे. प्रवासी तेच हवेत आणि पहिली गाडी जिथे सोडते तिथूनच, किंवा रेल्वेने एका गटात धरलेल्या स्टेशनवरून, दुसरी गाडी सुटली पाहिजे. जोडणी प्रवास सुरू होण्याआधी करायची. पहिली गाडी लेट होऊन दुसरी हुकली, तर पहिल्या गाडीने प्रत्यक्ष पोहोचल्यापासून ३ तासांच्या आत टीडीआर भरा किंवा खिडकीवर तिकीट द्या. दुसऱ्या तिकिटाचे पैसे शुल्क न कापता मिळतात. न जोडलेले दोन पीएनआर म्हणजे रेल्वेच्या लेखी एकमेकांशी संबंध नसलेले दोन प्रवास. मग दुसरी गाडी हुकली तो तुमचा दोष.

विमानाचं तिकीट मात्र कशालाच जोडता येत नाही. त्याचे पैसे हवे तर ग्राहक आयोग.

बाकीचे प्रसंग थोडक्यात. गाडी पूर्ण रद्द झाली तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप येतात, टीडीआर लागत नाही. खिडकीचं तिकीट मात्र नेऊन द्यावं लागतं, गाडीच्या नियोजित वेळेपासून ७२ तासांत. मार्ग बदलला आणि तुम्ही गेला नाहीत, तर ७२ तासांत टीडीआर. पावसात मुंबईत न येता गाडी कल्याण, पनवेल किंवा नाशिक रोडलाच संपवली, तर त्याला वेगळं कारण आहे, 'ट्रेन टर्मिनेटेड शॉर्ट ऑफ डेस्टिनेशन', आणि तिथेही ७२ तास, पण तुमच्या नियोजित पोहोचण्याच्या वेळेपासून. रेल्वेने तिथून बस किंवा दुसरी गाडी दिली आणि तुम्ही तिच्यात बसलात, तर त्या तुकड्याचे पैसे मागता येत नाहीत. एसी बंद पडला तर टीसीकडून तिथल्या तिथे प्रमाणपत्र घ्या आणि पोहोचल्यापासून २० तासांत टीडीआर भरा. प्रमाणपत्राची मूळ प्रत दिल्लीला आयआरसीटीसीच्या पत्त्यावर पाठवावी लागते. मिळतो तो फक्त फरक. थ्री टियर एसीला एसी आणि स्लीपर यांच्या भाड्यातला फरक, पूर्ण भाडं नाही.

भरपाईचा रस्ता

आता तुम्ही गाडीत बसलात, गाडी लेट पोहोचली आणि नुकसान झालं, असं धरू.

रेल्वेचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं. कोचिंग टॅरिफच्या, म्हणजे प्रवासी भाड्याच्या, नियमात लिहिलंय की वेळापत्रकातल्या वेळेची रेल्वे हमी देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०२१ च्या निकालात हे उत्तर पुरेसं मानलं नाही. अजमेर-जम्मू एक्सप्रेस २०१६ च्या जूनमध्ये जवळजवळ चार तास लेट झाली. सकाळी ८.१० ला पोहोचायची ती दुपारी बाराला पोहोचली, आणि त्या कुटुंबाचं श्रीनगरचं विमान बाराचंच होतं. टॅक्सीचे १५,००० रुपये, बुकिंगच्या नुकसानीचे १०,०००, मनस्तापाचे ५,००० आणि खटल्याच्या खर्चाचे ५,००० असे पैसे रेल्वेला द्यावे लागले. निकालातलं कामाचं वाक्य असं: उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे रेल्वेने पुराव्यानिशी सिद्ध केलं नाही, तर ती जबाबदार.

यातच तुमची केस किती मजबूत आहे त्याचं उत्तर आहे. सव्वीस जुलैसारखा पाऊस, कुर्ला-शीव पट्ट्यात रुळांवर पाणी, घाटात दरड, उत्तरेत दाट धुकं, अशा कारणांसाठी रेल्वेकडे कागद तयार असतात. तिथे भांडण्यात अर्थ नाही. इंजिन बंद पडलं, सिग्नल बिघडला, डबे वेळेवर लागले नाहीत, पुढच्या गाडीसाठी बाजूला काढून ठेवलं, किंवा कारणच कुणी सांगितलं नाही, तर दम आहे.

आणि दुसरी बाजू. तुम्ही स्वतः किती सावध होतात? त्या केसमध्ये पोहोचण्याची वेळ आणि विमान यांत चार तासांची मोकळीक होती. गाडी सव्वानऊला मुंबईत येणार म्हणून अकराचं विमान काढलं असेल, तर आयोग तुमच्याकडेच भुवया उंचावून पाहील.

गाडीत असतानाच करायचं काम

गाडी उभी आहे, वैताग आलाय, पण पुरावा याच वेळी गोळा होतो. एनटीईएसचे स्क्रीनशॉट दर मोठ्या स्टेशनवर घ्या. रेलमदद अ‍ॅपवर किंवा १३९ वर तक्रार नोंदवा आणि 'गाडी इतके तास उभी आहे, कारण सांगा, माझं इतक्या वाजताचं विमान आहे' एवढं त्यात लिहा. तक्रार क्रमांक जपा. ही तक्रार गाडी हलवत नाही, पण तुम्ही तेव्हाच सांगितलं होतं हे पुढे कागदावर दिसतं. रेल्वेच्या उत्तरात अनेकदा कारणही येतं. 'तांत्रिक बिघाड' असं लिहिलेलं असेल तर ते तुमच्या बाजूचं.

पोहोचल्यावर टॅक्सीचं बिल घ्या. ओला-उबरची पावती मेलवर येते, काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्याकडून कागदावर रक्कम, मार्ग आणि गाडी नंबर लिहून सही घ्या. विमान कंपनीकडून प्रवासी वेळेत आला नाही अशी नोंद किंवा मेल मागा. नवीन तिकीट, हॉटेल, जेवण, सगळ्यांची बिलं ठेवा, आणि पैसे शक्यतो यूपीआयने द्या, म्हणजे बँकेत नोंद राहते.

एनटीईएसवर जुने दिवस फार काळ दिसत नाहीत. म्हणून घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच माहिती अधिकाराचा अर्ज टाका. रेल्वे केंद्राच्या अखत्यारीत असल्याने केंद्राच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर, शुल्क १० रुपये. विचारायचं एवढंच:

अमुक तारखेला सुटलेल्या अमुक गाडीची अमुक स्टेशनवर प्रत्यक्ष पोहोचण्याची वेळ. उशीर कोणकोणत्या स्टेशनांदरम्यान किती मिनिटांचा झाला. प्रत्येक ठिकाणचं नोंदवलेलं कारण.

'का उशीर केला' असा प्रश्न विचारू नका, त्याला 'ही माहिती नाही, मत आहे' असं उत्तर येतं. नोंद मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. आयोगात हा कागद तुमच्या शंभर स्क्रीनशॉटांना भारी ठरतो, कारण तो रेल्वेचाच असतो.

नोटीस आणि तक्रार

आधी संबंधित रेल्वेच्या महाव्यवस्थापकांना स्पीड पोस्टाने एक पानाची नोटीस पाठवा: पीएनआर, गाडी, तारीख, नियोजित आणि प्रत्यक्ष वेळ, झालेलं नुकसान आकड्यांत, आणि १५ किंवा ३० दिवसांची मुदत. पोचपावती ठेवा. वकिलाची गरज नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद करून ठेवता येते, कधी तिथेच काही निघतं. बहुधा निघत नाही.

मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केलीय. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, गाडी कुठेही लेट झालेली असो. मुंबई शहरातल्या आयोगांची ऑफिसं परळला, उपनगराचं वांद्रे पूर्वेला. मुदत घटनेपासून २ वर्षं. ज्या सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत आहे तिथे तक्रारीचं शुल्क शून्य, आणि रेल्वेच्या तिकिटाची रक्कम अर्थातच त्यात बसते. मराठीत लिहिलेली तक्रार चालते.

ई-जागृती पोर्टलवर, जे १ जानेवारी २०२५ ला सुरू झालं, खातं उघडून तक्रार ऑनलाइन भरता येते. लागतात ती कागदपत्रं अशी: तारखांच्या क्रमाने लिहिलेली तक्रार, शपथपत्र, पुराव्यांची क्रमवार यादी आणि प्रती. स्क्रीनशॉट आणि ई-मेल जोडत असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्रही जोडा, म्हणजे 'हे अमुक मोबाइलवरून मी काढले' असं. हे राहून गेलं तर समोरचा वकील पहिली हरकत तिथेच घेतो.

विरुद्ध पक्ष म्हणून 'रेल्वे' असं मोघम लिहू नका. 'भारत सरकार, तर्फे महाव्यवस्थापक, मध्य रेल्वे, सीएसएमटी' असं लिहायचं. गाडी तुमच्या उशिराच्या टप्प्यात दुसऱ्या विभागीय रेल्वेवर होती, तर त्यांनाही पक्षकार करा. कोकण रेल्वे हे स्वतंत्र महामंडळ आहे, मुख्यालय बेलापूर. त्यांच्या मार्गावर उशीर झाला आणि तुम्ही फक्त मध्य रेल्वेला नोटीस दिली, तर मध्य रेल्वे कोकण रेल्वेकडे बोट दाखवून मोकळी होते.

मागणी लिहिताना हात आखडता घ्या. बिलं असलेलं नुकसान पूर्ण मागा, मनस्ताप आणि खर्च वेगळ्या ओळीत आणि माफक. ८,००० च्या विमान तिकिटासाठी ५ लाख मनस्ताप मागितला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. आणि तक्रारीत 'तिकिटाचं भाडं परत द्या' ही मागणी मुख्य करू नका. भाडं परत करण्याचे दावे रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जातात, १९८७ च्या कायद्याने. रेल्वेचा वकील तेवढ्यावर अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढतो. तुमची तक्रार सेवेतल्या त्रुटीची आणि त्यामुळे झालेल्या नुकसानीची आहे, हे पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहा.

आयोगाची नोटीस मिळाल्यावर रेल्वेला उत्तरासाठी ३० दिवस, वाढवून आणखी १५. उत्तरात कारण दिलं असेल तर ते तुमच्या आरटीआयच्या कागदाशी ताडून बघा. उत्तरात 'धुके' आणि नोंदीत 'इंजिन बिघाड', असं काही सापडलं तर तेच प्रत्युत्तराच्या शपथपत्रात पहिल्या क्रमांकावर टाका.

आदेश तुमच्या बाजूने लागला तर रेल्वे ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील करू शकते, पण त्यासाठी आदेशातल्या रकमेची निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपील नाही आणि पैसेही नाहीत, असं झालं तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करायचा. त्या अर्जासोबत आदेशाची प्रमाणित प्रत, बँक खात्याचा तपशील आणि रद्द केलेला धनादेश जोडा, म्हणजे पैसे कुठे भरायचे हे कळलं नाही ही सबब रेल्वेकडे उरत नाही.